पान लागलं का?

रविंद्र वेखंडे कमी बोलतो, अशी त्याची ख्याती लहानपणापासूनची. त्याचा बाप विठू म्हणायचा, आमचा पोरगा शब्दाला शब्द जोडतो तो फक्त परीक्षेच्या पेपरात. डोळखांबहून आत, डोंगराला टेकून त्यांचं गाव. भाताची चार खाचरं, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, आणि भात झोडून झालं की निम्मं गाव कामासाठी बाहेर. रविंद्रला शेतीत गती नव्हती. नांगर धरला की बैलांच्या आधी तो दमायचा. दहावी झाल्यावर विठूने त्याला शहापूरला टायपिंग शिकायला धाडलं, आणि तिथून तो गावाला यायचा तो पाहुण्यासारखाच.

नव्वदचं दशक संपता संपता टायपिंगच्या क्लासात कॉम्प्युटर आले. रविंद्र त्यांच्यासमोर बसला तो उठलाच नाही. पुढे त्याने एस.टी. स्टँडच्या मागे स्वतःचा गाळा घेतला आणि लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायला लागला. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. पत्रिका तळहाताएवढी आणि भावकी तालुकाभर. पत्रिकेतून एखादा काका गळला तर लग्न मोडत नाही, पण काका मोडतो. रविंद्र काकांना, मावश्यांना, गावच्या पोलीस पाटलाला, सगळ्यांना त्या एवढ्याशा जागेत नीट बसवायचा. थोडक्या जागेत पुष्कळ मावेल कसं, हा त्याचा एकच ध्यास. माणसाच्या अंगी एक गुण असला की त्याच्या पाठीमागे एक दोषही उभा असतो. रविंद्रला बोलण्यातही काटकसर करायची सवय लागली.

मुरबाडला समाजाचं वधू-वर मंडळ होतं. अध्यक्ष भगीरथशेठ, भाताच्या गिरणीचे मालक, हौशी माणूस. जग इंटरनेटवर चाललंय तर आपली मुलंमुली मागे का, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि मंडळाची वेबसाइट करायचं काम रविंद्रकडे आलं. रविंद्रने ते मन लावून केलं. गणपती कान हलवायचा, दोन्ही बाजूंनी झेंडूची तोरणं डुलायची, पान उघडलं की सनई वाजायची, आणि तळाशी आकडे फिरायचे: आपण आमचे अमुकावे पाहुणे आहात. भगीरथशेठ गिरणीत येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून आत नेत आणि कॉम्प्युटरवर सनई ऐकवत.

पुढे मोबाइल आले, आणि घोडं तिथे पेंड खायला लागलं. उंबरमाळीकडच्या एका लग्नात भगीरथशेठनी व्याह्यांना कौतुकाने खिशातला नवा फोन काढून दाखवला. म्हणाले, आपल्या मुलींची स्थळं आता मुठीत आहेत. पान उघडायला लावलं. गणपतीची सोंड आली. कान येईनात. सगळे पडद्यावर वाकून बसले. पंगत बसली, पंगत उठली, तरी गणपतीचं पोट आलं नव्हतं. व्याह्यांपैकी कुणीतरी म्हणालं, शेठ, मुलगी म्हातारी व्हायची. लोक हसले. भगीरथशेठ हसले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी ते शहापूरच्या गाळ्यात हजर. त्यांचं म्हणणं सरळ होतं: दिवाळीच्या आत हे सगळं फोनवर झटकन उघडायला हवं, तेही डोंगरातल्या गावात. नाहीतर मंडळाची माणसं कल्याणला काम द्यायच्या गोष्टी करताहेत, आणि त्यांचं तोंड आपण किती दिवस धरणार? रविंद्र नेहमीप्रमाणे फक्त 'बघतो' म्हणाला. पण मनातून हलला. पत्रिका कुणीही जुळवतं. हे एकच काम होतं ज्याच्या खाली त्याने स्वतःचं नाव घातलं होतं.

दोष कुठे आहे हे त्याला लवकरच कळलं. तालुक्यात तेव्हा मोबाइलचं नेट थेंबथेंब यायचं, आणि त्याने त्या थेंबांवर हंडाभर सजावट लादली होती. नाकापेक्षा मोती जड. घाट चढायचा तर डोक्यावरचं ओझं आधी उतरवावं लागतं, एवढं त्यालाही डोंगरातल्या माणसाच्या नात्याने ठाऊक होतं. त्याने ओझं उतरवायला घेतलं.

आधी सनई गेली. भगीरथशेठ नाराज झाले. सनईशिवाय लग्न कसलं, म्हणाले. रविंद्रने सांगितलं, "सनई लग्नात वाजवा, शेठ. इथे अजून मुलगी बघायचीय." मग तोरणं गेली. मग मोठं काम होतं अक्षरांचं. त्या वेळच्या साध्या फोनांना मराठी अक्षर कळत नसे, नुसते चौकोन दिसत. म्हणून रविंद्रने प्रत्येक मुलामुलीची माहिती मराठीत टाइप करून त्या मजकुराचं चित्र बनवून लावलं होतं. चित्र म्हटलं की वजन आलं. ती शेकडो चित्रं त्याने काढून टाकली आणि लोक मेसेजमध्ये लिहितात तशी मराठी इंग्रजी अक्षरांत लिहून काढली. सगळी स्थळं एकाच पानावर होती, ती गावागणिक वेगळी केली. बहुतेक फोटो आधी दिसायचे, ते आता मागितल्याशिवाय येईनात. शेवटी गणपतीवर गाडी आली. देवाला काढायचं म्हणजे जोखीमच. रविंद्रने पत्रिकेची युक्ती केली: वर मधोमध नखाएवढा 'श्री' ठेवला. पत्रिकेवर चालतो तर इथे का नाही, असं म्हणत शेठ राजी झाले. आपण कितवे पाहुणे, तो आकडा मात्र काढू द्यायला त्यांनी साफ नकार दिला. त्यांचा त्या आकड्यावर जीव होता.

पण शहापुरात पळणारं पान डोळखांबला चालेलच असं नव्हतं. ते डोंगरात जाऊनच बघायला हवं. रोज कोण जाणार? रविंद्रला आपली बायको आठवली. बायको अशी कामापुरती आठवावी, हे काही बरं लक्षण नव्हे, पण झालं खरं तसं.

रंजिता किन्हवलीकडची. नववी शिकलेली, हाताने चपळ, बोलायला मोकळी. विठू वारल्यापासून गावचं शेत तीच बघायची, सासूच्या जोडीने; सासूचं नाव लहानी. रविंद्र गाळ्यातच राहायचा आणि महिन्यातून एखाद्या रविवारी घरी जायचा. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. अर्ध्या गावाचे संसार असेच चालले होते. रविंद्रने तिला आपला जुना फोन दिला आणि पान कसं उघडायचं ते शिकवलं. गावात रेंज नव्हती. वरच्या खाचराच्या बांधावर, एका ठरावीक जागी बसलं तर मिळायची. रविंद्र दुपारच्या सुमाराला मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे रंजिता पुढच्या वेळी बांधावर आली की कंपनीच्या मेसेजात तो तिला दिसायचा. मग पान उघडून बघायची आणि त्याला फोन करायची. पान लागलं का, किती वेळ लागला, 'श्री' आधी दिसला की मागून, एवढं तो विचारायचा. ती सांगायची. तो 'बरं' म्हणून फोन ठेवायचा.

फोन लागतो, तसं पान लागतं. रंजिताच्या तोंडी हे सहज बसलं. लहानीला मात्र ते पहिल्या दिवशीच खटकलं. त्या भागात सापाचं नाव घेत नाहीत. साप चावला असं कुणी म्हणत नाही; पान लागलं म्हणतात. नाव घेतलं की जनावर ऐकतं, अशी समजूत. सून अंगणात उभी राहून 'आज पान लागलंच नाय, उद्या लागंल' म्हणाली तेव्हा लहानीच्या हातातलं सूप थांबलं. "असं अभद्र बोलू नको गो," ती म्हणाली. रंजिताने समजावलं. म्हातारीला पटलं की नाही कोण जाणे, पण रोज ऐकून तिचा कान मेला. पुढे तीच सुनेला विचारायची, लागलं का गो त्याचं पान? घरात त्या शब्दाचं विषच उतरलं.

भात पोटरीला आलं, लोंब्या धरायला लागलं, तोवर पान चांगलं हलकं झालं होतं. भगीरथशेठनी मंडळाची बैठक बोलावली. मुरबाडच्या गिरणीतल्या खोलीत सगळे जमले. कल्याणला काम द्या म्हणणारे दोघं पुढच्याच खुर्च्यांवर. शेठनी ठरवलं होतं की नुसतं कॉम्प्युटरवर दाखवायचं नाही. रविंद्रच्या घरून, ऐन डोळखांबच्या डोंगरातून, सगळ्यांच्या समक्ष फोन आला पाहिजे. रविंद्रने रंजिताला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं. ती म्हणाली, गवत कापायला तिकडंच जायचं हाय, बांधावरनं फोन करते.

त्या दिवशी सगळे चहा पीत वाट बघत होते. रविंद्रची नजर टेबलावरच्या फोनवर. फोन वाजला. त्याने उचलला.

"अहो, पान लागलं," रंजिता म्हणाली.

"लागलं? बरं झालं," रविंद्र म्हणाला. "किती वेळ झाला?"

"आताच."

त्याने मान वर करून भगीरथशेठकडे बघितलं. त्याला वाटलं, उघडलंय, आणि उघडलंय ते आताच्या आता. सभेला सांगून झालं की अजून एका गावचं पान तिच्याकडून उघडून घ्यायचं होतं, आणि ती बांधावरून उठली तर रेंज जाणार.

"मग आता तिथंच बस. हलू नको," तो म्हणाला. "बाकीचं मी बघतो."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन कट झाला.

रविंद्रने सभेला सांगितलं, डोळखांबला लागलं. भगीरथशेठनी टेबलावर थाप मारली. कल्याणवाल्या दोघांपैकी एकाने आपणहून चहाचा दुसरा कप रविंद्रपुढे सरकवला. मुरबाडपासून उंबरमाळीपर्यंत कुणाकुणाला हे दाखवायचं याच्या गोष्टी सुरू झाल्या. रविंद्र इतका खूश होता की त्याने दोन-तीन वाक्यं सलग बोलून दाखवली.

भगीरथशेठना आता आपला आकडा बघायचा होता. डोंगरातला पाहुणा मोजला गेला की नाही? फोन यायच्या आधी कॉम्प्युटरवर उघडून दाखवलेलं पान रविंद्रने पुन्हा उघडलं. उघडलं की दर वेळी आकडा एकाने वाढतो, तसा तो वाढला. पण एकानेच. तो एक म्हणजे रविंद्र स्वतः. रंजिताचा एक त्यात नव्हता. त्याने पुन्हा उघडलं. पुन्हा एकच. आकडा चुकत असेल, असं शेठ म्हणाले. आकडा चुकत नाही, हे रविंद्रला माहीत होतं. तो त्यानेच बसवला होता. म्हणजे रंजिताने पान उघडलंच नव्हतं. मग ती लागलं म्हणाली ते काय?

त्याला तिचा आवाज आठवला. रोजचा नव्हता. रोज ती आधी 'हॅलो' म्हणायची, मग सासूचं काहीतरी, मग पान. आज तिने दुसरं काहीच म्हटलं नव्हतं. गवत कापायला गेलेली. भाद्रपदातलं गवत, कमरेएवढं. आणि मग तो शब्द त्याच्या मनात आपल्या गावच्या अर्थाने उमटला.

त्याने फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर; बांधावरची रेंजही येऊन-जाऊन असायची. पुन्हा लावला. तेच. गावात शामच्या किराणा दुकानात एक तारेचा फोन होता, तो लागला. रविंद्रने शामला सांगितलं, आमच्या वरच्या बांधावर जा, माणसं घेऊन जा, रंजिताला पान लागलंय. शामने एक प्रश्न विचारला नाही. त्याला हा शब्द समजावून सांगायची गरज नव्हती.

भगीरथशेठनी स्वतःची गाडी काढली. सरळगावावरून, किन्हवलीवरून ते शहापूरच्या दवाखान्याकडे निघाले. रविंद्र बाजूला बसून शामच्या दुकानाचा नंबर लावत होता. एकदा तो लागला. दुकानात शामची बायको होती. म्हणाली, उचलून जीपमध्ये घातलीय, शहापूरला नेताहेत, बोलतेय. गावात कुणीतरी मांत्रिकाचं नाव काढलं होतं म्हणे, पण शामने कुणाचं ऐकायच्या आत जीप सुरू केली होती. रविंद्रने हे भगीरथशेठना सांगितलं. त्याला भीती वाटत होती. तिच्या जाण्याची तर होतीच. पण ती गेली, तर तिला पान लागल्यावर आपण तिला 'बरं झालं' म्हणालो हेच मागे उरेल, ही त्याहून वाईट होती.

रंजिता वाचली. घोणस होती, पाय मांडीपर्यंत सुजला, दोन रात्री सलाइन आणि इंजेक्शनांत गेल्या, पण वाचली. डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी रविंद्रचं कौतुकही केलं. चावल्यावर माणूस घाबरून पळतो, त्याने विष भराभर चढतं. तुमची बाई जागची हलली नाही, तुम्हीच फोनवर सांगितलंत म्हणे. ही गोष्ट दवाखान्यात पसरली होती. बाहेर बाकावर बसून भगीरथशेठ ती येईल त्याला सांगत होते. शहाणा नवरा म्हणून रविंद्रचं नाव दोन दिवसांत दोन तालुक्यांत झालं. त्याने गप्प बसायचं ठरवलं असतं तर ते नाव आजही राहिलं असतं, आणि गप्प बसणं तर त्याला चांगलं जमत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रंजिता उशीला टेकून बसली. लहानी चहा आणायला गेली होती. खाटेशेजारी रविंद्र एकटाच होता.

रंजिता म्हणाली, "तुमी इतकं शांत बोललात, म्हून मी बी घाबरले नाय. म्हटलं, यांना कळलंय. आता हे बघतील."

रविंद्रने तिला खरं ते सांगितलं. आपल्याला काहीच कळलं नव्हतं. वेबसाइटचं पान उघडलं असंच वाटलं. हलू नको म्हणालो ते रेंज जाईल म्हणून. तो अडखळत बोलला, आणि बोलताना तिच्या सुजलेल्या पायाकडे बघत राहिला.

रंजिताच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलं नाही.

"मी तिथं बसून व्हते," ती म्हणाली. "खालच्या शेतात शेजारची चिमी गवत कापत व्हती. हाक मारली असती तर आली असती. मारली नाय. तुमी बघतो म्हणालात ना."

चुकलं, असं रविंद्र म्हणाला. ते तिने ऐकल्यासारखं दाखवलं नाही.

"इतके महिने फोन करता," ती म्हणाली. "पान लागलं का, किती वेळ लागला, ते 'श्री' आधी दिसतंय का मागून. मी कशी हाय, ते एकदा बी नाय."

"चुकलं," तो पुन्हा म्हणाला.

"मग आता विचारा."

लहानी चहा घेऊन दारापर्यंत आली होती. तिने दोघांकडे बघितलं आणि तिथेच थांबली.

"कशी आहेस?" रविंद्रने विचारलं.

रंजिताने पायापासून सुरुवात केली नाही. ती पार आवणीपासून, भात लावायच्या दिवसांपासून, निघाली. खालच्या खाचराचा बांध फुटला तो तिने आणि लहानीने कसा घातला. लहानीचा खोकला. किन्हवलीला तिच्या भावाकडे बारसं झालं आणि हिला जाता आलं नाही. मग म्हणाली, आषाढात चार दिवस अंगात ताप होता, त्यातल्या एका दिवशी तुमचा मिस्ड कॉल येऊन पडला असंल म्हणून वरच्या बांधावर गेले, वाटेत दोनदा बसावं लागलं.

रविंद्रला तो दिवस आठवला. त्या दिवशी तिचा फोन यायला फार उशीर झाला होता. पान अजून जड आहे म्हणूनच इतका वेळ लागला, असं त्याने धरलं होतं आणि तिला काही न विचारता संध्याकाळी बसून उरलेले सगळे फोटोही मागितल्यावरच येतील असे मागे टाकले होते. पान खरं हलकं झालं ते त्या संध्याकाळी. मंडळासमोर त्याने मिरवलं ते हेच.

हे तिला सांगायला त्याने तोंड उघडलं, आणि मग मिटलं. रंजिताचं अजून सांगून झालं नव्हतं.